सामाईक घर, सामाईक कर्ज आणि सहमालकांतील वाद : नागपूरकरांसाठी मार्गदर्शन

मानेवाडा रिंग रोडलगतच्या एका स्कीममधला दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघराचा फ्लॅट. विक्रीपत्रावर दोन सख्ख्या भावांची नावे, कर्जखात्यावरही तीच दोन. पण गेले वीस महिने हप्ता एकट्या थोरल्याच्या पगारातून कापला जात आहे आणि राहतो मात्र तेथे धाकटा. गृहकर्ज विभागात काढलेल्या वर्षांत मी ही फाईल, नावे बदलून, कितीतरी वेळा उघडली आहे. थोरला टेबलासमोर बसला की त्याचे पहिले वाक्य ठरलेले असे : "साहेब, माझा अर्धा हप्ता मी भरतो, त्याचा अर्धा तुम्ही त्याच्याकडून घ्या." हे वाक्य न्यायाचे वाटते, पण बँकेच्या दप्तरात त्याला जागा नाही, आणि सहमालकांचे पुढचे बहुतेक नुकसान याच गैरसमजातून होते.

बँकेचा हिशेब वेगळा, घरातला हिशेब वेगळा

सहकर्जदार म्हणून दोघांनी सही केली की कर्ज निम्मे-निम्मे होत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ४३ नुसार संयुक्तपणे वचन देणाऱ्यांपैकी कोणाही एकाकडून संपूर्ण वचनपूर्ती मागता येते. म्हणजे बँक वाटल्यास पूर्ण रक्कम थोरल्याकडून मागेल, वाटल्यास धाकट्याकडून. त्याच कलमात पुढे असेही आहे की, ज्याने जास्त भरले त्याला दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागता येतो आणि करारातून वेगळा हेतू दिसत नसेल तर हे वाटे समान धरले जातात. पहिला नियम बँकेसाठी आहे, दुसरा भावांसाठी. दोन्ही एकाच टेबलावर आणले की गुंता होतो.

म्हणून वाद कितीही विकोपाला गेला तरी हप्ता थांबवू नये. हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला की खाते अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या भाषेत एनपीए किंवा बुडीत जाऊ शकणारे, ठरते, थकबाकीची नोंद दोघांच्याही सिबिल अहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाच्या नोंदीत, जाते आणि मग आपसात तडजोड झाली तरी घर एकाच्या नावावर घेण्यासाठी नवे कर्ज मिळणे अवघड होते. "तो भरत नाही तर मी तरी का भरू" या हट्टाने धाकट्याला धडा शिकवू पाहणारा थोरला प्रत्यक्षात स्वतःच्याच बाहेर पडण्याच्या वाटेवर काटे पसरत असतो.

दुसऱ्याच्या वाट्याचे पैसे भरावे लागत असतील तर ते निमूटपणे भरू नयेत. रक्कम स्वतःच्या बँक खात्यातूनच जावी, रोख कधीही देऊ नये, आणि सहमालकाला पोचपावतीसह स्पीड पोस्टाने एक साधे पत्र पाठवावे, की अमुक महिन्यापासूनचा तुमच्या वाट्याचा हप्ता मी भरत आहे, ही भेट नव्हे किंवा तुमच्या कोणत्याही जुन्या येण्याची फेडही नव्हे, आणि वसुलीचा हक्क मी राखून ठेवत आहे. असे पत्र वकिलाकडूनच जावे असे नाही. मात्र लक्षात ठेवावे, की अशा वसुलीच्या दाव्याला सर्वसाधारणपणे प्रत्येक भरण्याच्या दिवसापासून तीन वर्षांची मुदत धरून चालणेच सुरक्षित असते. आठ वर्षांचा हिशेब एकदम मांडणाऱ्याच्या हाती जुनी पाच वर्षे बहुधा लागत नाहीत.

आधी कागद मांडावेत

भांडणात उतरण्यापूर्वी एका संध्याकाळी सर्व कागद जमिनीवर मांडून, कोणाचे नाव कोठे आहे हे पाहावे. सहमालक, सहकर्जदार आणि जामीनदार या तीन निरनिराळ्या भूमिका आहेत. बँका सहसा प्रत्येक सहमालकाला सहकर्जदार करून घेतात. पण प्रत्येक सहकर्जदार मालक असतोच असे नाही. नोकरदार बायकोचे उत्पन्न धरून कर्जाची रक्कम वाढवून घेतली आणि विक्रीपत्रावर तिचे नाव घातलेच नाही, असे पुष्कळ घरांत घडते. तिच्यावर कर्ज पूर्ण असते, घरावर तिचे नाव नसते. हा प्रकार विक्रीपत्र नोंदण्यापूर्वी लक्षात आला तरच स्वस्तात दुरुस्त होतो.

नागपुरात पाहायचे कागद असे. सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा देणारा, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात तो उतारा, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. विक्रीपत्र किंवा अपार्टमेंटचे डीड, आणि त्यात हिस्से लिहिले आहेत की नाहीत, हे वाचावे. जमीन नगर भूमापनात असेल तर आखीव पत्रिका काढावी. पुण्या-मुंबईकडचे लोक जिला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात तीच ही. प्लॉट नागपूर सुधार प्रन्यासच्या किंवा नजुलाच्या (सरकारी जमिनीच्या) भाडेपट्ट्यावर असेल तर पट्ट्याची मुदत, भूभाटकाच्या (जमिनीच्या भाड्याच्या) पावत्या आणि गहाण व हस्तांतरणासाठी घेतलेली परवानगी पाहावी, कारण तेथे भावाभावांत सही झाली तरी पट्टा देणाऱ्याची संमती लागते. गुंठेवारीतल्या, म्हणजे मंजुरीविना छोटे प्लॉट पाडलेल्या, ले-आउटमधले घर असेल तर आरएल, म्हणजे नियमितीकरणाचे पत्र, कोणाच्या नावे आहे ते तपासावे. जुन्या वस्त्यांत ते अजूनही वडिलांच्या नावे असते आणि घर मुलांचे म्हणून भांडण चालू असते.

बँकेकडून कर्जमंजुरीचे पत्र, कर्जकरार, पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा आणि आजच्या येणे बाकीचे पत्र मागावे. सहकर्जदाराला हे मागण्याचा अधिकार आहे, दुसऱ्याची परवानगी लागत नाही. खातेउतारा वाचताना एक नोंद मुद्दाम शोधावी : मधूनच मूळ रक्कम वाढलेली दिसते का? ती टॉप-अप कर्जाची, म्हणजे त्याच घरावर वाढवून घेतलेल्या कर्जाची, खूण असते. एका खात्यात आठव्या वर्षी सहा लाखांची उडी होती आणि बहिणीला ती पहिल्यांदा माझ्या टेबलावर दिसली. अर्जावर सही तिचीच होती, कोऱ्या जागेवर घेतलेली.

महाराष्ट्रात मालकीचे मूळ दस्त बँकेत ठेवून केलेल्या गहाणाची सूचना ३० दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. त्यामुळे तुमच्या घरावर कोणत्या संस्थेचा बोजा नोंदला आहे हे शोध अहवालात दिसते. हा शोध वकिलाकडून करवून घ्यावा आणि तो तीस वर्षांचा असावा.

हिस्सा किती आणि देणे किती

विक्रीपत्रात हिस्से लिहिलेले असतील तर प्रश्न बराच सुटतो. लिहिलेले नसतील तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ४५ असे सांगते, की खरेदीची रक्कम ज्याने जितकी दिली त्या प्रमाणात हिस्सा, आणि त्याबद्दल पुरावाच नसेल तर समान हिस्सा. येथे जुनी पासबुके, डाउन पेमेंटचा धनादेश, भविष्य निर्वाह निधीतून काढलेली उचल आणि प्राप्तिकर विवरणात कोणी किती गृहकर्जव्याजाची वजावट घेतली, हे सर्व कामाला येते. ज्याने दरवर्षी निम्म्या व्याजाची वजावट घेतली त्याला पुढे "मी काहीच भरले नाही" असे म्हणता येत नाही, आणि "सगळे मीच भरले" असे म्हणणाऱ्यालाही ते विवरण आडवे येते.

"पैसे सगळे माझे, त्याचे नाव नुसते घातले" हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. दुसऱ्याच्या नावावर खरेदी करण्यास मनाई करणाऱ्या बेनामी कायद्यात पती-पत्नी, अपत्ये, आणि भाऊ-बहीण संयुक्त मालक म्हणून दस्तात असल्यास, ज्ञात उत्पन्नातून केलेल्या खरेदीला काही अपवाद दिलेले आहेत. पण अपवाद असणे म्हणजे दावा सिद्ध होणे नव्हे, आणि न्यायालयात त्यासाठी पैशाचा माग कागदाने दाखवावा लागतो.

आता आकडे. समजा, त्या मानेवाड्याच्या फ्लॅटची आजची किंमत ६० लाख रुपये आहे आणि कर्जाची बाकी २२ लाख. उरले ३८ लाख. समान हिस्सा धरल्यास प्रत्येकी १९ लाख. थोरल्याने वीस महिने दरमहा ३२,००० रुपये एकट्याने भरले, म्हणजे ६,४०,००० रुपये. त्यांतील निम्मे, ३,२०,००० रुपये, धाकट्याच्या वाट्याचे. घर धाकट्याने ठेवायचे ठरले तर त्याने थोरल्याला २२,२०,००० रुपये द्यावेत आणि २२ लाखांचे कर्ज स्वतःकडे घ्यावे. एकूण ४४,२०,००० रुपयांचा हा भार घराच्या किमतीच्या सुमारे ७४ टक्के होतो. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे, तेव्हा हे गणित कागदावर बसते. धाकट्याच्या पगारात बसते का, हे बँक ठरवील.

धाकटा राहिला त्याचे भाडे या हिशेबात धरावे का, यावर घरोघरी भांडण पेटते. नियम असा, की सहमालकाला घर वापरण्याचा हक्क मुळातच असतो, त्यामुळे दुसऱ्याला त्याने कुलूप लावून किंवा दमदाटी करून बाहेर ठेवले असेल तरच वापराची भरपाई पक्क्या पायावर मागता येते. तडजोडीत मात्र भाडे धरू नये असे कोठेही नाही, आणि माझ्या मते ते धरावेच. थोरला दुसरीकडे भाडे भरत असेल तर त्याचा राग खरा तेथेच असतो, हप्त्यात नव्हे.

एकाने घर ठेवायचे तर क्रम कोणता

येथे क्रम चुकला की पैसे जातात. सर्वांत घातक चूक म्हणजे आधी हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा दुसऱ्या सहमालकाला सोडून देणारा दस्त, नोंदवणे आणि कर्जाचे नंतर पाहू म्हणणे. हक्कसोडपत्राने थोरल्याची मालकी जाते, पण सहकर्जदार म्हणून त्याची जबाबदारी तशीच राहते. घर गेले आणि कर्ज मानेवर, अशी स्थिती होते. "मालकी सोडली म्हणजे कर्जही सुटले" असे सांगणारा दस्तलेखक भेटला तर त्याच्याकडून दस्त करवून घेऊ नये. शिवाय गहाण घरावरचा असा दस्त बँकेच्या ना-हरकत पत्राशिवाय केल्यास तो कर्जकराराचा भंग ठरू शकतो.

योग्य क्रम असा आहे. प्रथम दोघांनी किंमत, बाकी, वाटे आणि तारखा लिहिलेला समझोता करावा. मग घर ठेवणाऱ्याने त्याच बँकेकडे दुसऱ्याचे नाव कर्जातून कमी करण्याचा अर्ज द्यावा. बँक त्याचे उत्पन्न नव्याने तपासते, अनेकदा पत्नीला सहकर्जदार म्हणून आणायला सांगते, आणि अर्ज फेटाळूही शकते, कारण दोघांपैकी एक देणेकरी सोडण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही. नकार आल्यास दुसऱ्या बँकेकडे एकट्याच्या नावाने कर्ज वळवून पाहावे; व्यक्तीने घेतलेल्या फिरत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. मंजुरीपत्र हाती आल्यावरच, आणि त्याच दिवशी किंवा त्याच आठवड्यात, रक्कम देणे, जुने कर्ज फेडणे आणि हक्कसोडपत्र नोंदवणे ही तिन्ही कामे एकमेकांना बांधून करावीत. थोरल्याने सही करण्यापूर्वी आपले नाव कर्जखात्यातून काढल्याचे बँकेचे लेखी पत्र पाहावे. शाखेतल्या कोणाच्या तोंडी आश्वासनावर, माझ्यासारख्याच्याही, विसंबू नये.

मुद्रांक शुल्काबाबत एक भेद लक्षात घ्यावा. वडिलोपार्जित मालमत्तेतील हिस्सा भावाबहिणींत किंवा आईवडील, मुले, पती-पत्नी यांच्या नावे सोडला तर शुल्क नाममात्र असते. दोन भावांनी बिल्डरकडून विकत घेतलेला फ्लॅट वडिलोपार्जित नव्हे, त्यामुळे सोडलेल्या हिश्शाच्या किमतीवर विक्रीसारखेच शुल्क लागते. ही रक्कम कोण भरणार हे समझोत्यातच लिहावे, तसेच हिस्सा सोडून पैसे घेणाऱ्याला भांडवली नफ्याचा कर लागू शकतो हेही सनदी लेखापालाला विचारून घ्यावे. दस्तानंतर आखीव पत्रिकेवर फेरफार, महानगरपालिकेत मालमत्ता करासाठी नाव बदल आणि वीज मीटर, ही कामे किरकोळ दिसतात म्हणून वर्षानुवर्षे राहून जातात.

घर दोघांनाही नको असेल तर विकणे सर्वांत स्वच्छ. खरेदीदाराची बँक तुमच्या बँकेला थेट बाकी चुकती करते आणि उरलेली रक्कम दोघांच्या नावे वेगवेगळ्या धनादेशांनी येते. ती एकाच्याच खात्यात घेऊ नये.

समझोताच होत नसेल तर

पती-पत्नींमधील मालमत्तेचा वाद असेल तर तो नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात नेता येतो. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ खाली दंडाधिकारी पतीला राहत्या घराची विल्हेवाट लावण्यास किंवा त्यावर बोजा चढवण्यास मनाई करू शकतात, तसेच कर्जाच्या धाकाने घर रिकामे करून मागणाऱ्या पतीपासून किंवा सासरच्यांपासून पत्नीला राहण्याच्या हक्काचे संरक्षण मिळू शकते. इतर सहमालकांसाठी मार्ग म्हणजे दिवाणी न्यायालयातील वाटणीचा दावा. त्यात न्यायालय आधी प्राथमिक हुकूमनाम्याने हिस्से ठरवते आणि मग प्रत्यक्ष वाटणीकडे वळते. महाल भागातल्या जुन्या वाड्याचे दोन भाग पाडता येतील, पण फ्लॅटच्या हॉलमधून भिंत घालता येत नाही; अशा वेळी वाटणी अधिनियम, १८९३ मदतीला येतो. त्यातील कलम २ नुसार निम्मा किंवा अधिक हिस्सा असलेल्यांनी मागणी केल्यास न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकते, आणि कलम ३ नुसार दुसरा हिस्सेदार न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा विकत घेण्याची परवानगी मागू शकतो. दावा लावतानाच घर विकू नये, नवा बोजा चढवू नये आणि हप्त्याची व्यवस्था काय, यासाठी अंतरिम आदेश मागावा. बँकेचे गहाण मात्र वाटणीच्या हुकूमनाम्याने पुसले जात नाही. ते घराबरोबर चालत राहते.

एकट्याच्या हातात पैसे असतील तर आणखी एक मार्ग आहे आणि तो फारच थोड्यांना ठाऊक असतो. गहाण आपल्या वाट्यापुरते सोडवता येत नाही, पण एक सहमालक संपूर्ण कर्ज फेडून संपूर्ण गहाण सोडवू शकतो. आणि तसे केल्यावर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ९२ नुसार दुसऱ्याच्या हिश्शापुरता तो बँकेच्या जागी उभा राहतो. त्याची वसुली मग नुसत्या विनवणीवर नव्हे तर त्या हिश्शावरच्या हक्कावर चालते.

न्यायालयात गेल्यावरही मध्यस्थी केंद्राकडे किंवा लोकअदालतीकडे प्रकरण पाठवण्याची विनंती करता येते. लोकअदालतीतील निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते, म्हणून तेथे सही करण्याआधी वरचा हिशेब हातात असावा.

बँकेची नोटीस दारावर लागली असेल तर

२००२ च्या सरफेसी कायद्याखालील, म्हणजे बँकेला न्यायालयात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या कायद्याखालील, कलम १३(२) ची नोटीस आली की ६० दिवसांचे घड्याळ चालू होते. या ६० दिवसांत लेखी हरकत घ्यावी. तिला १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. हरकतीत भावाने काय केले हे लिहून उपयोग नाही. खात्यात जमा न दाखवलेले हप्ते, व्याजाची चूक, नोटीस चुकीच्या पत्त्यावर जाणे असे मुद्दे लिहावेत. येणे बाकी मूळ रक्कम व व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या २० टक्क्यांहून कमी उरली असेल तर हा कायदा लागूच होत नाही, हे जुन्या कर्जदारांनी अवश्य तपासावे.

बँकेने कलम १३(४) खाली ताब्याची कारवाई केल्यास ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. ते नागपुरातच आहे. त्याविरुद्धचे अपील मात्र मुंबईला जाते आणि त्यासाठी कर्जदाराला मोठी रक्कम आधी भरावी लागते. लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंत बँकेचे संपूर्ण येणे खर्चासह भरून घर सोडवता येते, नंतर ती दारे झपाट्याने बंद होतात. नोटीस एका भावाने घेतली आणि दुसऱ्याला सांगितलीच नाही, असेही होते. म्हणून प्रत्येक सहकर्जदाराने आपला आजचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक शाखेत लेखी नोंदवून पोच घ्यावी.

आपली सहीच खोटी आहे, किंवा आपल्या हिश्शाचे गहाण आपल्याला न विचारता झाले, असे म्हणणाऱ्या सहमालकाची वाट वेगळी आहे. सरफेसी कायदा दिवाणी न्यायालयाला बऱ्याच बाबतींत दूर ठेवतो, पण मालकी कोणाची आणि दस्त वैध की नाही हे न्यायाधिकरण जाहीर करू शकत नाही, तो प्रश्न दिवाणी न्यायालयाचाच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. अशा व्यक्तीने पोलीस तक्रार, बँकेला पत्र आणि दिवाणी दावा यांत महिनाही घालवू नये. सहकर्जदाराचा मृत्यू झाला असेल तर प्रथम कर्जासोबत विमा काढला होता का हे पाहावे. वारसांची जबाबदारी त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते.

बँकेच्या सेवेबद्दल तक्रार असेल, जसे उतारा न देणे किंवा पत्रांना उत्तर न देणे, तर ती आधी बँकेकडे लेखी करावी आणि ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. भावाभावांतला हिस्सा लोकपाल ठरवत नाही.

कर्ज फिटले की मूळ विक्रीपत्र ३० दिवसांच्या आत परत मिळाले पाहिजे आणि बोजाही उतरवला गेला पाहिजे; १ डिसेंबर २०२३ पासून बँकेच्या दोषाने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. पण दोन मालकांच्या घरात तो लिफाफा कोणाच्या हाती द्यायचा यावरून शाखेत पुन्हा वाद होतो, दोघांच्या सह्यांशिवाय अधिकारी तो सोडत नाही आणि महिने निघून जातात. म्हणून शेवटचा हप्ता भरण्याच्या दिवशीच दोघांनी एका कागदावर सही करून द्यावी, की दस्त अमुक एकाने न्यावेत आणि दुसऱ्याला त्यांच्या साक्षांकित प्रती त्याच वेळी मिळाव्यात.